लोकरीचं माप

झाड क्रमांक एकेचाळीस. लाल सिडार.
प्रकृती मध्यम. राखणे शक्य नाही.
अहवालातल्या या ओळी ओरिसियाने मोठ्यांदा वाचल्या
आणि आम्ही हसलो, चहा बशीत सांडेपर्यंत.
माझ्या डॉक्टरच्या फाइलीत
याहून वेगळं काय लिहिलंय?

आम्ही म्हणजे डॉगवुड कोर्टातले बावन्न म्हातारे.
बैठी घरं, छपरांवर शेवाळ, दारांवर पितळी आकडे.
एप्रिलमध्ये एक पोरगा हातोडी घेऊन आला,
त्याने झाडांनाही आकडे ठोकले, ॲल्युमिनियमचे.
तेव्हापासून ओरिसिया सिडारला
शेजारीणबाई म्हणते.

मनोरे येणार आहेत तीन,
सगळ्यात बुटका सव्वीस मजल्यांचा.
आणि गाड्यांसाठी आणखी तीन मजले, जमिनीच्या पोटात.
मी चाळीस वर्षं टगबोटीवर काढली, फ्रेझरच्या मुखाशी.
पाणी कुठून येतं आणि कुठे जायला बघतं,
मला एवढंच शास्त्र येतं.
मागच्या ओढ्यात दर नोव्हेंबरला
सात-आठ कोहो चढून येतात, खडकांवर पोट घासत.
गेल्या साली पाचच आले.
तो खड्डा कोरडा ठेवायला पंप चालेल रात्रंदिवस,
मग ओढ्याच्या वाट्याला काय?
मी हे लिहून दिलं.
उत्तर आलं: नोंद घेतली आहे.

त्या एका जूनमध्ये पारा बेचाळिसावर गेला,
रस्त्यापलीकडच्या काचेच्या इमारतीतून
स्ट्रेचर उतरत होते.
आम्ही खुर्च्या उचलून झाडांखाली नेल्या.
किताजिमांनी ओले टॉवेल वाटले,
एखाद्या लग्नात पानसुपारी वाटावी तसे, प्रत्येकापुढे वाकून.
रात्री तिथेच झोपलो. घोरण्यावरून भांडणं झाली.
आमच्यातलं कुणी गेलं नाही.
अहवालात याला सावलीचं मूल्य म्हणतात
आणि त्याच्यापुढे ‘अल्प’ असं लिहितात.

एका झाडामागे दोन रोपं लावून देणार आहेत.
मी त्र्याऐंशीचा.
हिशेब करून पाहिला, मग कागद उलटा ठेवला.

पण रोव्हेनाचं काय?
पहाटे साडेचारला उठते, दोन बस बदलते,
माझे मोजे चढवायला.
घरांच्या यादीत तिचं नाव सहा वर्षं पडून आहे.
परवा म्हणाली, मिस्टर ओस्विक,
तुमची सावली छान आहे.
तिच्यात मला एक खोली मिळेल का?
मी पायांकडे बघत राहिलो.
अजूनही बघतो.

सुनावणीत प्रत्येकाला तीन मिनिटं.
ओरिसिया वॉकर ढकलत पुढे गेली,
पिशवीत भाषण नव्हतं, लोकर होती.
हिवाळाभर ती झाडांचे घेर घेत होती:
जेवढा घेर तेवढा धागा,
तोडून, गुंडाळून, चिठ्ठी लावून.
एकेचाळीसचं एक टोक तिने अध्यक्षबाईंच्या हातात दिलं
आणि लांबलचक टेबलाभोवती चालायला लागली,
तिच्या चालीने, म्हणजे गोगलगाय लाजेल अशा.
मायक्रोफोन, पाण्याचे ग्लास, नकाशे,
रंगीत मनोऱ्यांची पुठ्ठ्याची प्रतिकृती,
सगळं धाग्याच्या आत येत गेलं.
घंटा वाजली तेव्हा ती निम्म्यावर होती.
कुणी थांबा म्हणालं नाही.
धागा खुर्चीत अडकला, तेव्हा मागून रोव्हेना उठली,
तिने तो सोडवला, दुसरं टोक धरून उभी राहिली.

मग तिचा नंबर आला
आणि ती मनोऱ्यांच्या बाजूने बोलली.
चांगलं बोलली. खोटं एक अक्षर नाही.
ओरिसियाने टाळ्या वाजवल्या, सगळ्यात आधी.

निकाल पुढच्या महिन्यात.
लोकर अजून सिटी हॉलमध्येच आहे,
ओरिसियाला ती परत हवी आहे, हिरवी होती, महाग.

काल ओढ्यावर गेलो. तीन मोजले.
चौथा दगडाआड आहे, ओरिसिया म्हणते.
मला दिसला नाही.
तिची नजर माझ्याहून चांगली आहे.